ऑनलाइन खरेदी : स्वस्ताईचा मोह आणि ग्राहकाचे हित

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे भारतातील बाजारपेठेचे स्वरूप गेल्या दोन दशकांत आमूलाग्र बदलले आहे. अरुणाचल प्रदेशातील एखाद्या तालुक्याच्या गावी बसून सुरतेची साडी, तिरुपूरचे होजिअरी कपडे किंवा मुरादाबादची पितळी भांडी मागविणे आज सहज शक्य झाले आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआय या देयक व्यवस्थेने या व्यवहारांना मोठी गती दिली. ज्या गावात मोठे दुकान कधी पोहोचले नाही, तेथे आता संपूर्ण बाजारपेठ भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उपलब्ध आहे. विकासाच्या दृष्टीने ही घटना निश्चितच स्वागतार्ह आहे.

तथापि या सोयीबरोबर एक जोखीमही आली. गावच्या दुकानात ग्राहक वस्तू हाताळून पाहत असे, दुकानदाराला ओळखत असे आणि पसंत न पडल्यास दुसऱ्या दिवशी ती परत नेत असे. ऑनलाइन व्यवहारात वस्तूच्या जागी तिचे छायाचित्र असते, दुकानाच्या जागी एक संकेतस्थळ असते आणि पैसे बहुधा वस्तू हाती येण्यापूर्वीच द्यावे लागतात. याच फटीतून फसवणुकीने शिरकाव केला आहे. केंद्र सरकारने २०२५ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार सायबर आर्थिक फसवणुकीत नागरिकांनी गमावलेली रक्कम २०२३ मध्ये सुमारे ७ हजार ४६५ कोटी रुपये होती. २०२४ मध्ये ती सुमारे २२ हजार ८४५ कोटी रुपयांवर गेली. या आकड्यांत सर्व प्रकारची आर्थिक फसवणूक समाविष्ट असून ऑनलाइन खरेदी हा तिचा एक भाग आहे. मात्र हा भाग असा आहे, की तो अल्प उत्पन्नाच्या कुटुंबाला थेट भिडतो. सणासाठी साठविलेले दोन-तीन हजार रुपये गेले, तरी अशा घराचे महिन्याचे गणित कोलमडते.

या फसवणुकीचे एक वैशिष्ट्य प्रारंभीच ध्यानी घेतले पाहिजे. येथे चोर खात्यात शिरून पैसे काढत नाही. ग्राहक स्वतःच्या हाताने ते पाठवितो. त्यामुळे पैसे देण्यापूर्वीची काही मिनिटे हेच ग्राहकाचे सर्वांत भक्कम संरक्षण ठरते.

किमतीचे गणित

अतिशय स्वस्त वस्तूची जाहिरात पाहताच पहिला प्रश्न विचारावा तो असा : या किमतीत ही वस्तू तयार तरी होऊ शकते का? फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडा येथील एका कंपनीने ‘फ्रीडम २५१’ नावाचा स्मार्टफोन अवघ्या २५१ रुपयांत देण्याची घोषणा केली. चार इंची पडदा, कॅमेरा आणि इंटरनेट सुविधा असलेल्या या फोनची नोंदणी सुरू होताच ग्राहकांच्या गर्दीने संकेतस्थळ बंद पडले. भ्रमणध्वनी उत्पादकांच्या संघटनेने त्याच वेळी सरकारला कळविले होते, की अशा फोनच्या केवळ सुट्या भागांचीच किंमत याच्या कित्येक पट होते. पुढे कंपनीला आगाऊ घेतलेले पैसे परत करण्याची घोषणा करावी लागली आणि जाहीर केलेल्या प्रमाणात फोन ग्राहकांपर्यंत कधीच पोहोचले नाहीत. एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकाला फेब्रुवारी २०१७ मध्ये अटकही झाली. हा प्रकार फसवणुकीचा होता की अव्यवहार्य धाडसाचा, हा न्यायालयाचा विषय होय. ग्राहकासाठी त्यातील बोध मात्र स्पष्ट आहे. पडदा, बॅटरी आणि चिप यांचा बाजारभाव कोणतीही घोषणा बदलू शकत नाही.

हातमागाच्या वस्त्रांबाबतही हेच गणित लागू पडते. समाजमाध्यमांवर ‘अस्सल कांचीपुरम’, ‘शुद्ध बनारसी’ किंवा ‘हातमागाची पैठणी’ सात-आठशे रुपयांत देऊ करणाऱ्या जाहिराती सणासुदीच्या काळात वारंवार दिसतात. अशी साडी विणण्यास कारागिराला कित्येक दिवस, नक्षी बारीक असल्यास कित्येक आठवडे लागतात. रेशमाचा आणि जरीचा खर्च बाजूला ठेवून केवळ विणकराची मजुरी धरली, तरी ती जाहिरातीतील किमतीपेक्षा जास्त होते. म्हणजे एक तर ती साडी यंत्रमागावरील कृत्रिम धाग्याची असते, नाही तर ती अस्तित्वातच नसते. अशा व्यवहारात ग्राहकाबरोबर विणकराचेही नुकसान होते, कारण खऱ्या मालाची रास्त किंमत लोकांना अवाजवी वाटू लागते. रेशमासाठी ‘सिल्क मार्क’, हातमागासाठी २००६ पासून ‘हॅण्डलूम मार्क’ आणि २०१५ पासून ‘इंडिया हॅण्डलूम ब्रँड’ ही चिन्हे याच कारणासाठी उपलब्ध आहेत. खरेदीपूर्वी त्यांची चौकशी करणे उपयुक्त ठरते.

येथे ‘८० टक्के सवलत’ या शब्दप्रयोगाचाही विचार आवश्यक आहे. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत सर्वसाधारणपणे उत्पादक किंवा आयातदार स्वतः ठरवितो. कायदा त्याहून अधिक आकारणी करण्यास मनाई करतो. ती किंमत रास्त आहे, अशी हमी देत नाही. एक हजाराच्या वस्तूवर पाच हजारांची किंमत छापून ८० टक्के सवलत देणे अवघड नाही. म्हणून सवलतीची टक्केवारी न पाहता तीच वस्तू अन्य तीन-चार ठिकाणी प्रत्यक्ष किती रुपयांना मिळते, हे पाहावे. सर्वत्र बारा हजारांना मिळणारी वस्तू एका अनोळखी संकेतस्थळावर दोन हजारांना मिळत असेल, तर तो शोध आनंदाचा न मानता संशयाचा मानावा.

फसवणुकीच्या प्रचलित रीती

या गुन्ह्यांचे तपशील सतत बदलत असले, तरी त्यांचे मूळ साचे थोडेच आहेत.

पहिला साचा बनावट संकेतस्थळाचा. नामांकित कंपनीचे बोधचिन्ह, रंगसंगती आणि छायाचित्रे जशीच्या तशी उचलून हुबेहूब दुकान उभारले जाते. समाजमाध्यमांवरील जाहिरातीतून ग्राहक तेथे पोहोचतो, पैसे भरतो आणि काही आठवड्यांत ते संकेतस्थळ नाहीसे होते. काही वेळा दोन हजारांच्या वस्तूऐवजी चाळीस रुपयांचा रुमाल पाठविला जातो, जेणेकरून पार्सल पोहोचल्याची नोंद राहावी.

दुसरा साचा हप्त्याहप्त्याने पैसे काढण्याचा. प्रथम नोंदणीसाठी किरकोळ रक्कम घेतली जाते. नंतर वस्तू सीमाशुल्क विभागात अडकली आहे, विम्याची रक्कम भरावी लागेल, वाहतूक शुल्क परत मिळणार आहे, अशी एकामागून एक कारणे पुढे येतात. आधी गेलेले पैसे वाया जाऊ नयेत या भावनेने ग्राहक पुढचे पैसे भरत राहतो. लॉटरी किंवा ‘भाग्यवान ग्राहक’ म्हणून मोटार जिंकल्याचे कळविणारी पत्रे याच जातीची आहेत. बक्षीस मिळविण्यासाठी आधी पैसे मागितले, की ते बक्षीस नाही असे निश्चित समजावे.

तिसऱ्या साच्यात बळी पडणारा विक्रेता असतो. जुने कपाट किंवा दुचाकी विकण्यासाठी कोणी जाहिरात देतो. लगेच दूरध्वनी येतो. बोलणारा स्वतःला दूरच्या ठाण्यावर नियुक्त असलेला लष्करी जवान म्हणवितो, घासाघीस न करता किंमत मान्य करतो आणि पैसे स्वीकारण्यासाठी क्यूआर कोड पाठवितो. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जनजागृती पुस्तिकेत या रीतीची नोंद आहे. येथे एकच नियम पुरेसा आहे : यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी टाकावा लागतो, घेण्यासाठी कधीही नाही. पैसे मिळणार म्हणून पिन टाकण्यास सांगणारा मनुष्य पैसे काढून घेत आहे.

चौथा साचा बनावट ग्राहक सेवा क्रमांकाचा. वस्तू परत करावयाची असताना ग्राहक शोधयंत्रावर कंपनीचा दूरध्वनी क्रमांक शोधतो आणि तेथे गुन्हेगाराने पेरलेला क्रमांक त्याच्या हाती लागतो. पलीकडील व्यक्ती मदतीच्या मिषाने ओटीपी विचारते किंवा फोनचा ताबा दूरवरून घेता येईल असे अ‍ॅप बसविण्यास सांगते. म्हणून असा क्रमांक कंपनीच्या अधिकृत अ‍ॅपमधून किंवा देयकावरूनच घ्यावा.

घाईचे तंत्र

‘केवळ दहा मिनिटे शिल्लक’, ‘शेवटच्या दोन वस्तू’, ‘या क्षणी आणखी दोनशे ग्राहक ही वस्तू पाहत आहेत’ अशी वाक्ये आणि पडद्यावर उलट धावणारे घड्याळ यांचा हेतू एकच असतो. ग्राहकाने किंमत ताडून पाहू नये, घरातील कोणाला विचारू नये, पत्ता तपासू नये. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत १३ प्रकार नमूद आहेत. खोटी घाई निर्माण करणे, न मागितलेली वस्तू किंवा देणगी देयकात हळूच घालणे, एक वस्तू दाखवून दुसरी देणे, अखेरच्या टप्प्यावर शुल्के वाढवीत नेणे हे त्यांतील काही प्रकार होत.

या तत्त्वांचे उल्लंघन नोंदणीकृत कंपन्यांकडूनही होऊ शकते. त्यामुळे घाई दिसली म्हणजे विक्रेता बनावटच आहे असे नव्हे. परंतु घाईला दिलेले उत्तर दोन्ही ठिकाणी सारखेच असावे. खरी सवलत अर्ध्या तासाच्या चौकशीने बिघडत नाही. आणि ती निसटलीच, तर ग्राहकाचे फार तर काही रुपयांचे नुकसान होते; खोट्या सवलतीत सगळीच रक्कम जाते.

पैसे देण्यापूर्वीची तपासणी

संकेतस्थळाचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचण्याची सवय ग्राहकांनी लावून घ्यावी. पत्त्याच्या आरंभी प्रसिद्ध कंपनीचे नाव दिसले म्हणून ते तिचेच आहे असे होत नाही. आरंभीच्या दुहेरी तिरक्या रेघेनंतर जी पहिली एकेरी तिरकी रेघ येते, तिच्या लगेच आधी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ यास जोडून असलेले नाव खरा मालक दर्शविते. नावात एखादे अक्षर अधिक असणे, मध्ये जोडरेघ असणे, ‘ऑफर’ किंवा ‘सेल’ असे शब्द चिकटविलेले असणे ही सावधगिरीची लक्षणे होत. पत्त्याजवळील कुलुपाच्या चिन्हाविषयीही मोठा गैरसमज आहे. ग्राहक आणि संकेतस्थळ यांच्यातील संदेश वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते चिन्ह सांगते. पलीकडे बसलेला व्यापारी प्रामाणिक आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे तपासणीचे उत्तम साधन ठरू शकते. या नियमांनुसार ई-कॉमर्स संस्थेने आपले कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, ग्राहक सेवेचा संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क प्रदर्शित करणे बंधनकारक आहे. ज्या ठिकाणी अनेक विक्रेते माल विकतात, तेथे प्रत्येक विक्रेत्याच्या व्यवसायाचे नाव आणि भौगोलिक पत्ताही उपलब्ध असला पाहिजे. वजनमाप कायद्याखालील नियमांनुसार १ जानेवारी २०१८ पासून वेष्टनबंद मालाच्या ऑनलाइन विक्रीत कमाल किरकोळ किंमत, निव्वळ प्रमाण, उत्पादकाचे नाव इत्यादी माहिती पडद्यावर दर्शविणे आवश्यक झाले आहे. ज्या संकेतस्थळावर पत्ता नाही, तक्रार अधिकारी नाही, संपर्कासाठी केवळ एक भ्रमणध्वनी क्रमांक आहे, ते कायद्याचे पालन करीत नाही. एवढे एक कारण तेथून परत फिरण्यास पुरेसे आहे.

विद्युत उपकरणे, हेल्मेट यांसारख्या वस्तूंवरील आयएसआय चिन्हाचा परवाना क्रमांक आणि सोन्याच्या दागिन्यांवरील सहा अक्षरांकांचा हॉलमार्क क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर पडताळता येतो. ग्राहकांच्या अभिप्रायांबाबत मात्र तारतम्य हवे. एकाच आठवड्यात एकाच धाटणीची स्तुती करणारे शेकडो अभिप्राय आले असतील, तर ते विकत घेतलेले असण्याची शक्यता असते. तक्रारीचे आणि मध्यम गुणांकनाचे अभिप्राय आधी वाचल्यास वस्तूची खरी कल्पना येते.

देयकाचा मार्ग आणि जबाबदारी

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाद्वारे अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाच्या जबाबदारीची मर्यादा ठरवून दिली. ग्राहकाचा दोष नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने ते कळविले, तर त्याच्यावर कोणताही भार येऊ नये, असे तत्त्व त्यात घालून देण्यात आले. परंतु ग्राहकाने स्वतः पिन टाकून पाठविलेले पैसे त्या अर्थाने अनधिकृत ठरत नाहीत. अनेक ग्राहक बँकेकडे धाव घेतात आणि निराश होतात, त्याचे कारण हेच आहे. बँकेच्या दृष्टीने तो व्यवहार खातेदाराच्या आज्ञेनुसार झालेला असतो.

म्हणून देयकाचा मार्ग विचारपूर्वक निवडावा. यूपीआयने किंवा थेट बँक खात्यात पाठविलेली रक्कम क्षणार्धात पोहोचते आणि पाठविणाऱ्याला ती एकतर्फी मागे घेता येत नाही. क्रेडिट कार्डाने दिलेल्या रकमेबाबत, वस्तू न मिळाल्यास कार्ड देणाऱ्या बँकेकडे वाद नोंदवून रक्कम परत मागण्याची प्रक्रिया उपलब्ध असते. अनोळखी विक्रेत्याकडून प्रथमच खरेदी करताना वस्तू मिळाल्यावर पैसे देण्याचा पर्याय अधिक सुरक्षित आहे. त्यातही घरातील कोणी काही मागविले नसताना आलेले पार्सल पैसे देऊन स्वीकारू नये, तसेच सोय असल्यास पार्सल उघडून पाहिल्यावरच स्वीकृती द्यावी. यूपीआयने पैसे देताना पिन टाकण्यापूर्वी पडद्यावर खातेदाराचे नाव दिसते. दुकान एका कंपनीचे आणि खाते एखाद्या अनोळखी व्यक्तीच्या नावाचे असेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

पहिला तास मोलाचा

फसवणूक झालीच, तर वेळ हा सर्वांत महत्त्वाचा घटक ठरतो. गुन्हेगार पैसे स्वतःच्या नावाच्या खात्यात सहसा घेत नाही. कमिशन देऊन भाड्याने मिळविलेल्या इतरांच्या खात्यांत तो ते घेतो, काही मिनिटांत ते अनेक खात्यांत विभागतो आणि एटीएममधून किंवा अन्य मार्गाने काढून घेतो. रक्कम एखाद्या खात्यात शिल्लक असेपर्यंतच ती रोखता येते.

यासाठी गृह मंत्रालयाने २०२१ मध्ये उभारलेली यंत्रणा १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकाद्वारे कार्य करते. तक्रार नोंदताच संबंधित बँकेला सूचना जाते. पैसे तेथे असल्यास ते गोठविले जातात, पुढे गेले असल्यास पुढील बँकेला कळविले जाते. जुलै २०२५ पर्यंत या यंत्रणेने ५ हजार ४०० कोटी रुपयांहून अधिक रक्कम गुन्हेगारांच्या हाती जाण्यापासून वाचविल्याचे सरकारने सांगितले आहे. दूरध्वनी करताना व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, रक्कम, दिनांक, वेळ आणि स्वतःच्या बँकेचे नाव जवळ ठेवावे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. जाहिरात, संभाषण आणि पावती यांची पडद्यावरील चित्रे जपून ठेवावीत. लाजेपोटी दोन दिवस गप्प राहणे गुन्हेगाराच्या पथ्यावर पडते. गेलेले पैसे परत मिळवून देतो असे सांगून शुल्क मागणारे मध्यस्थ ही त्याच फसवणुकीची पुढची पायरी असते, हेही विसरू नये.

या संदर्भात तरुणांना एक इशारा आवश्यक आहे. दरमहा काही हजार रुपयांच्या मोबदल्यात आपले बँक खाते किंवा सिमकार्ड दुसऱ्यास वापरण्यास देणे म्हणजे गुन्ह्यात सहभागी होणे होय. पोलीस तपास प्रथम त्या खातेदाराच्या दारी पोहोचतो.

कायद्याचे पाठबळ आणि त्याच्या मर्यादा

विक्रेता खरा असून त्याने निकृष्ट किंवा वेगळी वस्तू दिली, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार घेता येतो. ई-कॉमर्स संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन तिचे निवारण एक महिन्यात करावयाचे असते. तेथे दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीच्या १९१५ या क्रमांकावर संपर्क साधता येतो. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता देशाच्या दुसऱ्या टोकाला असला, तरी ग्राहकाला आपल्या राहत्या किंवा कामाच्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, ही २०१९ च्या कायद्याची महत्त्वाची देणगी होय. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबत शुल्क नाही, वकील नेमण्याची सक्ती नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते.

विक्रेताच बनावट असेल, तर प्रश्न फौजदारी स्वरूपाचा होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही फसवणुकीविरुद्ध कठोर तरतुदी आहेत. मात्र ज्या दुकानाला पत्ता नाही, त्यावर नोटीस बजावणार कोणावर, ही व्यावहारिक अडचण उरतेच. गुन्हेगार एका राज्यात, खाते दुसऱ्या राज्यात आणि तक्रारदार तिसऱ्या राज्यात, अशा स्थितीत तपास लांबतो. शिक्षा झाली, तरी गेलेली रक्कम परत मिळेलच याची खात्री नसते.

सामूहिक सजगता

ग्राहक जागृतीचे कार्य केवळ सरकारी जाहिरातींवर सोपवून भागणार नाही. २००५ पासून ‘जागो ग्राहक जागो’ ही मोहीम चालू आहे आणि २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन देशभर पाळला जातो. परंतु ज्यांनी गेल्या काही वर्षांत प्रथमच स्मार्टफोन हाती घेतला, असे ज्येष्ठ नागरिक, ग्रामीण महिला आणि स्थलांतरित कामगार यांच्यापर्यंत ही माहिती त्यांच्या बोलीत पोहोचणे आवश्यक आहे. बचत गटाच्या बैठकीत, ग्रामसभेत किंवा शाळेच्या पालक मेळाव्यात १९३० आणि १९१५ हे दोन क्रमांक, तसेच पिनविषयीचा नियम सांगण्यास दहा मिनिटेही लागत नाहीत. ज्या घरात अशा गोष्टी मोकळेपणाने बोलल्या जातात आणि फसलेल्या माणसाची हेटाळणी होत नाही, तेथे तक्रारही वेळेवर नोंदविली जाते.

ऑनलाइन बाजारपेठेने लहान उत्पादकाला देशव्यापी ग्राहक आणि दुर्गम भागातील ग्राहकाला देशभरचा माल मिळवून दिला आहे. हे लाभ टिकून राहण्यासाठी परस्पर विश्वास आवश्यक आहे. एकदा फसलेला ग्राहक प्रामाणिक कारागिराच्या दुकानाकडेही संशयाने पाहतो आणि त्याची झळ शेवटी उत्पादनालाच बसते. किंमत पडताळून, विक्रेत्याचा पत्ता पाहून आणि खातेदाराचे नाव वाचून मगच पिन टाकणारा ग्राहक स्वतःचे पैसे वाचवितो, त्याचबरोबर प्रामाणिक व्यापाऱ्यासाठी बाजारपेठ सुरक्षित ठेवण्याचे कामही करतो.